सरकारचें कर्ज : मर्यादा कोणीं घालावी आणि केव्हां?

सोलापूर सोडून रायचूरकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळांत होटगीस पोंचते. गांव लहान, परंतु स्थानक जंक्शनचें. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग येथून सरळ पुढें जातो आणि विजापूर, बागलकोट, गदग या गांवांकडे जाणारा फांटा येथेंच दक्षिणेस वळतो. हा फांटा १८८४ सालीं वाहतुकीस खुला झाला. तो कशासाठीं बांधला, हें बहुतेकांस ठाऊक असतें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सोलापूर-विजापूरच्या पठारावर माणसें आणि गुरें अन्नपाण्यावांचून मेलीं. पुन्हां तसा प्रसंग ओढवला तर बाहेरचें धान्य वेळेवर यावें, हा त्यामागील हेतु होता. परंतु हा मार्ग इतका निकडीचा होता तर तो सरकारनें स्वतःच कर्ज काढून कां बांधला नाहीं, लंडनमध्यें स्थापन झालेल्या एका कंपनीच्या हातीं कां दिला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आजच्या वर्तमानपत्रांत वारंवार डोकावणाऱ्या एका वादाचें मूळ हातीं लागतें. तो वाद म्हणजे सरकारी कर्जाच्या मर्यादेचा.

या वादाचें स्वरूप वरवर पाहतां सोपें आहे. सरकारला कर्ज काढावयाचें असतें. कायद्यानें किंवा वरिष्ठ सत्तेनें त्याला एक वेस घातलेली असते. सरकार त्या वेशीशीं येऊन ठेपतें आणि ती पुढें सरकवा अशी मागणी करतें. ज्यांच्या हातीं वेशीची किल्ली असते ते म्हणतात, ‘आमच्या अमुक अटी मान्य करा, मग दार उघडूं.’ नाक दाबलें म्हणजे तोंड उघडतें, ही म्हण राजकारणांत जितकी खरी ठरते तितकी अन्यत्र क्वचितच ठरत असेल. अमेरिकेंत २०११ आणि २०२३ सालीं असाच पेंच पडला. भारतांत २०२३ च्या डिसेंबरांत केरळ राज्य याच कारणासाठीं केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें. अशा भांडणांत न्याय कोणत्या बाजूस आहे हें ठरविण्यापूर्वीं, मर्यादा म्हणजे काय आणि ती कोणत्या वेळीं घातली जाते, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

घर चालविणाऱ्या गृहस्थाला कर्जाचे प्रकार समजावून सांगावे लागत नाहींत. घर बांधण्यासाठीं काढलेलें कर्ज निराळें, लग्नांतील मानपानासाठीं काढलेलें निराळें आणि महिनाअखेरीस वाण्याची उधारी भागविण्यासाठीं घेतलेलें हातउसनें त्याहून निराळें. पहिल्यांतून कांहीं तरी उभें राहतें, दुसरें हौसेचें, आणि तिसरें म्हणजे मिळकतीचा व खर्चाचा मेळ बसत नसल्याची खूण. सरकारचेंहि असेंच आहे. धरणें, आगगाड्या, वीजघरें यांसाठीं काढलेलें कर्ज पुढील पिढीवर भार टाकतें खरें, पण त्या भाराबरोबर तिच्या पदरांत मालमत्ताहि टाकतें. जुन्या कर्जाचें व्याज देण्यासाठींच नवें कर्ज काढावें लागलें, तर पुढील पिढीच्या वांट्याला नुसता भार येतो. मात्र एका बाबतींत सरकार गृहस्थाहून वेगळें असतें. गृहस्थाचा हात सावकार अडवितो. सरकारचा हात, निदान आरंभीं तरी, कोणी अडवीत नाहीं. कारण त्याच्या मागें कर बसविण्याचा अधिकार उभा असतो आणि त्याच्या रोख्यांना गिऱ्हाइक सहसा मिळतें. म्हणून हात अडविण्याचें तें काम लोकप्रतिनिधींनीं करावें, ही कर्जमर्यादेमागील मूळ कल्पना. ती कल्पना योग्यच आहे.

प्रश्न आहे तो वेळेचा. एखाद्या कुटुंबानें वर्षारंभींच ठरविलें कीं, यंदा अमुक रकमेहून अधिक उधारी होऊं द्यावयाची नाहीं, तर त्या बेतानें कपडालत्ता, प्रवास, सणवार यांना कात्री लागते. ही मर्यादा शहाणपणाची. पण कपडे शिवून झाले, सण साजरा झाला, शिंप्याचें आणि वाण्याचें बिल दारांत येऊन उभें राहिलें, आणि मग घरांतल्या एकानें तिजोरीची किल्ली कंबरेला खोंवून सांगितलें कीं, माझी अट मान्य केल्यावांचून बिल चुकतें करूं देणार नाहीं, तर त्यामुळें झालेला खर्च एका पैशानेंहि कमी होत नाहीं. घराची पत मात्र जाते. पहिली मर्यादा हा लगाम आहे. दुसरी म्हणजे वरातीमागून घोडें. याखेरीज एक तिसरा प्रकार संभवतो. पुढचें दार कडेकोट बंद करावें आणि मागचें उघडें राहूं द्यावें. होटगीचा फांटा हा या तिसऱ्या प्रकाराचा जुना नमुना होय.

१८५७ च्या उठावाचा खर्च भागविण्यासाठीं १८५८ च्या आरंभीं ब्रिटिश पार्लमेंटनें इंग्लंडांत ८० लक्ष पौंड कर्ज उभारण्याची परवानगी दिली. पुढें कंपनी सरकार जाऊन राणी सरकारचा अंमल सुरू झाला, तरी रीत तीच राहिली. हिंदुस्थानच्या नांवावर इंग्लंडांत कर्ज काढावयाचें तर पार्लमेंटचा कायदा लागे, आणि कायद्यांत रकमेचा आंकडा घातलेला असे. कर्ज फेडणारी रयत येथील. मर्यादा घालणारे सभासद तेथील. ज्याला फेडावयाचें त्याला बोलण्यास जागाच नव्हती. तरीहि हेन्री फॉसेट यांच्यासारखे कांहीं सभासद हिंदुस्थानच्या खर्चाची चिकाटीनें चिकित्सा करीत, हें नमूद केलें पाहिजे.

१८७९ च्या सुमारास तीन संकटें एकदम आलीं. दुष्काळानें तिजोरी खालावली, अफगाणिस्तानांत युद्ध सुरू झालें आणि चांदीचा भाव घसरल्यामुळें रुपयाची पौंडांतील किंमत उतरूं लागली. सार्वजनिक कामांसाठीं काढल्या जाणाऱ्या कर्जाची चौकशी करण्यास कॉमन्स सभेनें एक समिति नेमली होती. तिच्या चौकशीनंतर असें ठरलें कीं, उत्पादक कामांसाठीं हिंदुस्थान सरकारनें वर्षास २५ लक्ष पौंडांहून, म्हणजे त्या काळच्या हिशेबानें अडीच कोटि रुपयांहून, अधिक कर्ज काढूं नये. ही कर्जमर्यादा झाली. दुसऱ्याच वर्षीं, १८८० सालीं, रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत सांगितलें होतें कीं, दुष्काळापासून बचाव व्हावयाचा तर ५,००० मैल आगगाडी तांतडीनें बांधली पाहिजे, आणि देशांत एकंदर २०,००० मैल मार्ग होईपर्यंत निर्धास्त राहतां येणार नाहीं. एका हातानें कर्जाचें दार लावून घेतलें आणि दुसऱ्या हातानें खर्चाचा मोठा बेत पुढें केला, असें हें झालें.

या कोंडींतून वाट निघाली ती कंपनीच्या मार्गानें. १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. भांडवल लंडनच्या भागीदारांनीं द्यावयाचें, मार्ग कंपनीनें बांधावयाचा व चालवावयाचा, आणि भांडवलावर ठराविक व्याज मिळेल याची हमी हिंदुस्थान सरकारनें द्यावयाची, असा करार झाला. होटगी-गदग मार्ग या कंपनीनें बांधला. सरकारनें स्वतः रोखे काढले असते तर ती रक्कम अडीच कोटींच्या मर्यादेंत मोजली गेली असती. कंपनीनें भांडवल उभारलें म्हणून ती मर्यादेबाहेर राहिली. पण व्याज शेवटीं कोणाच्या माथीं? दुष्काळी मुलखांतील मार्ग. त्यांत नफा थोडा. जी तूट येईल ती सरकारी तिजोरींतूनच भरून द्यावयाची होती. वहीचें पान बदललें. ऋणको तोच राहिला.

शिवाय हें व्याज पौंडांत द्यावयाचें होतें. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत जवळजवळ दोन शिलिंग होती. १८९४ च्या सुमारास ती तेरा पेन्सांवर आली. म्हणजे ज्या एका पौंडासाठीं पूर्वीं दहा रुपये पुरत, त्यासाठीं आतां अठराहून अधिक लागूं लागले. कर्ज उघडपणें काढलें असतें तर निदान त्याची चर्चा तरी झाली असती. हमीच्या पडद्याआड तें वाढत राहिलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांतून गणेश व्यंकटेश जोशी यांनीं देशाच्या आर्थिक कारभाराची आंकड्यांनिशीं तपासणी केली ती याच काळांत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १८९७ सालीं वेल्बी आयोगापुढें साक्ष दिली, तेव्हां आगगाड्यांवर होणारा खर्च आणि कालव्यांची उपेक्षा यांवर त्यांनीं टीका केली. इकडे मर्यादा फार काळ टिकली नाहींच. १८८४ सालीं कॉमन्स सभेची दुसरी समिति बसली आणि अडीच कोटींचे साडेतीन कोटि झाले.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या पठारावर धान्य आणण्यास आगगाडी उपयोगी पडली, हें नाकारतां येणार नाहीं. मार्ग बांधावयास नको होता, असें कोणी म्हणणार नाहीं. दोष मार्गाचा नव्हे. त्याच्या खर्चाचा खरा आंकडा मर्यादेच्या भीतीनें आडवाटेनें नेला गेला, हा दोष. आवश्यक खर्चाचा विचार न करतां घातलेली मर्यादा खर्च थांबवीत नाहीं. ती त्याला वेषांतर करावयास लावते. ही गोष्ट १८८२ सालीं जितकी खरी होती तितकीच पुढेंहि ठरली.

स्वराज्याची घटना तयार करतांना हा प्रश्न पुन्हां उपस्थित झाला. १९३५ च्या कायद्याच्या १६३ व्या कलमांत प्रांतांच्या कर्जाविषयीं तरतूद होती. मध्यवर्ती सरकारचें जुनें कर्ज ज्या प्रांताकडे थकलेलें असेल त्यानें नवें कर्ज काढण्यापूर्वीं त्या सरकारची संमति घ्यावी, असें तें कलम सांगत होतें. पण त्याला एक जोड होती : ही संमति विनाकारण अडवून धरूं नये, आणि नकार रास्त आहे कीं नाहीं याविषयीं वाद झाला तर गव्हर्नर जनरलनें निर्णय द्यावा. स्वतंत्र भारताच्या घटनेंत हें कलम अनुच्छेद २९३ म्हणून आलें. संमतीची अट राहिली. केंद्रानें संमति देतांना शर्ती घालाव्या, ही मुभाहि राहिली. मात्र संमति विनाकारण अडवूं नये हें वाक्य आणि वाद मिटविणारा पंच, हीं दोन्हीं गळलीं. गव्हर्नर जनरलचें पदच राहिलें नव्हतें हें खरें. पण त्याच्या जागीं दुसरा पंच नेमला गेला नाहीं. ही उणीव तेव्हां लहान वाटली असावी. पुढें तिनेंच मोठा वाद उभा केला.

केंद्राच्या स्वतःच्या कर्जाविषयीं अनुच्छेद २९२ आहे. संसद कायद्यानें जी मर्यादा घालील, तिच्या आंत केंद्रानें कर्ज काढावें, असा त्याचा आशय. मर्यादा घालण्याची सक्ति मात्र संसदेवर नाहीं. १९४९ च्या ऑगस्टमध्यें घटनासमितींत या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अशी अपेक्षा प्रकट केली कीं, संसद हें कर्तव्य गांभीर्यानें बजावील आणि वेळोवेळीं कायदे करून कर्जास आळा घालील. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर १९२५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केलेल्या पंडिताची ही अपेक्षा होती. ती वाऱ्यावरची नव्हती. तरी पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तसा कायदा झाला नाहीं. २००३ सालीं वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला आणि महाराष्ट्रानें आपला कायदा २००५ सालीं केला. २०१८ च्या दुरुस्तीनें केंद्राच्या कायद्यांत असें लक्ष्य घालण्यांत आलें कीं, केंद्राचें कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेंकडा ४० च्या आंत व केंद्र-राज्यें मिळून शेंकडा ६० च्या आंत २०२४-२५ च्या अखेरीपर्यंत यावें. मध्येंच २०२० ची महामारी आली आणि तीं लक्ष्यें मागें पडलीं.

तथापि भारतीय घटनेंत एक तरतूद फार शहाणपणाची आहे. सरकारी कर्जाचें व्याज व परतफेड हा खर्च एकत्रित निधीवर ‘भारित’ मानलेला आहे. त्यावर संसदेंत चर्चा होऊं शकते. मतदान होत नाहीं. आणि जो तुटीचा खर्च अर्थसंकल्पांत मंजूर होतो त्यासाठीं लागणारें कर्जहि त्याच अर्थसंकल्पांत दाखविलेलें असतें. खर्चास हो म्हणावयाचें आणि त्याच्या कर्जास नाहीं म्हणावयाचें, ही सोय दिल्लींत कोणत्याहि पक्षास नाहीं. म्हणून येथें संसद आणि सरकार यांच्यांत कर्जावरून झुंज लागत नाहीं. ती लागते केंद्र आणि राज्य यांच्यांत.

त्या झुंजीकडे वळण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील एक उदाहरण पाहणें उपयुक्त होईल. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत निवाड्यानें महाराष्ट्राच्या वांट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आलें होतें. त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर व्हावयाचा होता. तोंवर आपल्या वांट्याचें पाणी अडविलें नाहीं तर तें हातचें जाईल, अशी धास्ती सर्वत्र होती. धरणांना पैसा हवा होता आणि अर्थसंकल्पांत तो मावत नव्हता. म्हणून १९९६ सालीं महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालें. महामंडळानें लोकांकडून रोख्यांच्या रूपानें पैसा उभारला आणि त्यास राज्य सरकारनें हमी दिली. पाणीपट्टीच्या उत्पन्नांतून हे रोखे फिटतील असा संभव नव्हता. अखेर त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवरच आला. कंपनीच्या ठिकाणीं महामंडळ, लंडनच्या भागीदारांच्या ठिकाणीं येथील ठेवीदार, दुष्काळाच्या ठिकाणीं पाणीतंट्याची मुदत. बाकी करार तोच. कोरड्या शेतास पाणी हवें होतें, हेंहि तितकेंच खरें.

राज्यांच्या कर्जास केंद्र जी वार्षिक मर्यादा घालतें ती राज्याच्या उत्पन्नाच्या शेंकडेवारींत असते. सर्वसाधारणपणें ती शेंकडा ३ आहे. २०२० च्या महामारींत ती त्या एका वर्षापुरती शेंकडा ५ करण्यांत आली. पण वाढीव दोनांपैकीं अर्धाच टक्का बिनशर्त होता. उरलेला दीड टक्का शिधापत्रिका, उद्योगांचे परवाने, नगरपालिकांचें उत्पन्न आणि वीजवितरण या बाबतींत केंद्रानें सुचविलेल्या सुधारणांशीं जोडला होता. सुधारणा चांगल्या असतील. परंतु अडचणींत सांपडलेल्याला कर्ज देतांना घातलेली अट कितीहि चांगली असली तरी ती अटच राहते, असें कित्येक राज्यांचें म्हणणें पडलें.

केरळचा वाद यानंतरचा. त्या राज्यानें पायाभूत कामांसाठीं ‘किफ्बी’ नांवाचें एक मंडळ १९९९ सालीं स्थापन केलें होतें व २०१६ सालीं त्याचा विस्तार केला. मंडळानें कर्ज काढावयाचें आणि त्याची फेड राज्याच्या मोटार-कराच्या हिश्शांतून व पेट्रोलवरील उपकरांतून व्हावयाची, अशी योजना. २०१९ सालीं या मंडळानें लंडनच्या बाजारांत २,१५० कोटि रुपयांचे रोखे विकले. २०२२ सालीं केंद्रानें राज्यांना कळविलें कीं, ज्या कर्जाची फेड राज्याच्या अर्थसंकल्पांतून होते तें कर्ज कोणत्याहि मंडळाच्या नांवें असलें तरी राज्याचेंच मानलें जाईल. हिशेबाच्या दृष्टीनें हें म्हणणें बिनतोड आहे. केंद्रानें स्वतःहि अन्न महामंडळाच्या नांवें अल्पबचतींतून कर्ज काढून धान्याच्या सवलतीचा खर्च वर्षानुवर्षें अर्थसंकल्पाबाहेर ठेविला होता. ती रीत २०२१ च्या अर्थसंकल्पानें बंद केली. म्हणजे मागचें दार दोघांच्याहि घरीं होतें.

केरळचा युक्तिवाद निराळा होता. अनुच्छेद २९३ प्रमाणें राज्याच्या कर्जाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्याच्या विधानसभेस आहे. केंद्राची संमति लागते ती केंद्र हें सावकार आहे म्हणून. त्या संमतीच्या आडून राज्याच्या साऱ्या देण्याघेण्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्रास मिळत नाहीं, असें त्याचें म्हणणें. उलट केंद्राचें म्हणणें असें कीं, प्रत्येक राज्याच्या कर्जाचा परिणाम साऱ्या देशाच्या पतीवर होतो, म्हणून देखरेख अपरिहार्य आहे. केरळनें २६,२२६ कोटि रुपयांचें कर्ज काढण्याची तात्काळ मुभा मागितली. खटला चालू असतां केंद्रानें १३,६०८ कोटींस संमति देऊं केली, पण प्रथम तिला खटला मागें घेण्याची अट जोडली. न्यायालयास ती अट रुचली नाहीं आणि ती सुटली. १ एप्रिल २०२४ रोजीं न्यायालयानें अंतरिम आदेश देण्याचें नाकारलें. पूर्वीच्या वर्षीं मर्यादेबाहेर काढलेलें कर्ज पुढील वर्षाच्या मर्यादेंतून वजा करतां येतें, हें केंद्राचें म्हणणें सकृद्दर्शनीं मान्य करून न्यायालयानें मूळ प्रश्न पांच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोंपविला. दरम्यान वृद्ध, विधवा आणि अपंग यांचीं पेन्शनें केरळांत महिनोन्‌महिने थकलीं. घटनेचा अर्थ न्यायालय लावील. परंतु ज्या घरांत चूल त्या पेन्शनवर पेटते तेथें घटनापीठाची वाट पाहत बसतां येत नाहीं.

अमेरिकेची कथा याहून चमत्कारिक आहे. तेथें मर्यादेचा जन्म अडवणुकीसाठीं झाला नाहीं, सोयीसाठीं झाला. पूर्वीं निरनिराळ्या कर्जांस काँग्रेसची निरनिराळी मंजुरी लागे. पहिल्या महायुद्धांत हें जमेना, म्हणून १९१७ च्या कायद्यानें ठराविक रकमेपर्यंत रोखे काढण्याची मोकळीक खजिन्यास मिळाली. १९३९ सालीं बहुतेक सर्व कर्ज मिळून ४,५०० कोटि डॉलरांची एकच मर्यादा ठरली. पण खर्च मंजूर करणारी काँग्रेस, कर ठरविणारी काँग्रेस, आणि त्या दोहोंतील तफावत भरून काढण्यास लागणाऱ्या कर्जावर पुन्हां मत देणारीहि काँग्रेसच. जो पक्ष विरोधांत असेल तो या दुसऱ्या मताचा हत्यारासारखा उपयोग करूं लागला. याला कोणताहि पक्ष अपवाद नाहीं. २००६ सालीं सिनेटर म्हणून मर्यादावाढीविरुद्ध मत देणारे बराक ओबामा २०११ सालीं अध्यक्ष या नात्यानें तीच वाढ मागत होते.

२०११ सालीं समझोता झाला तो अगदीं अखेरच्या दिवशीं, २ ऑगस्टला. आणि तीनच दिवसांनीं स्टँडर्ड अँड पूअर्स या संस्थेनें अमेरिकेची पत इतिहासांत प्रथमच एका पायरीनें उतरविली. या दिरंगाईमुळें त्या एका वर्षांत कर्जाचा खर्च सुमारें १३० कोटि डॉलरांनीं वाढला, असा अंदाज काँग्रेसच्याच हिशेबतपासणी कार्यालयानें पुढें दिला. काटकसरीच्या नांवानें मांडलेल्या भांडणाचा हा खर्च! २०२३ सालीं १९ जानेवारीस ३१ लक्ष ४० हजार कोटि डॉलरांची मर्यादा गांठली गेली. खजिन्यानें सरकारी नोकरांच्या पेन्शन-निधींतील गुंतवणूक तात्पुरती थांबवून दिवस काढले, आणि ५ जूनला पैसा संपणार असें जाहीर झालें असतां ३ जूनला कायद्यावर सही झाली. २०२५ च्या जुलैंत मर्यादा आणखी ५ लक्ष कोटि डॉलरांनीं वाढविण्यांत आली. इतक्या वेळां अडवूनहि कर्ज कमी झालें नाहीं, हें आंकडेच सांगतात. डेन्मार्कांतहि कायद्यानें मर्यादा आहे. पण ती प्रत्यक्ष कर्जाहून इतकी उंच ठेविलेली आहे कीं तिच्यावरून भांडण्याचा प्रसंगच येत नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कर्जाला मर्यादा असूं नये, असें मुळींच नाहीं. ती नसेल तर आजच्या मतदारांस खूष करण्यासाठीं उद्यांच्या मुलांच्या नांवावर उधळपट्टी होईल. परंतु मर्यादा उपकारक व्हावयाची तर तीन गोष्टी साधल्या पाहिजेत. ती खर्च मंजूर होतांना घातली पाहिजे, बिल चुकतें करतांना नव्हे. तिच्यांत कंपनी, मंडळ, महामंडळ आणि हमी यांच्या नांवें असलेलें सर्व देणें मोजलें गेलें पाहिजे. नाहीं तर प्रामाणिक हिशेब ठेवणारा अडकतो आणि चलाख सुटतो. आणि एका सत्तेनें दुसरीस मर्यादा घातली असेल तर त्यांच्यांतील वाद थोड्या दिवसांत मिटविणारा त्रयस्थ पंच असला पाहिजे. १९३५ च्या परक्या कायद्यानें निदान असा पंच असावा हें ओळखलें होतें. आपल्या घटनेंत ती जागा रिकामी आहे. ती भरून काढणें हें आज ना उद्यां संसदेस करावें लागेल.

सुशिक्षित नागरिकानें कर्जमर्यादेच्या भांडणाची बातमी वाचतांना कोणता पक्ष मोठ्यानें बोलतो इकडे लक्ष देण्यापेक्षां तीन प्रश्न विचारावे. खर्च आधींच मंजूर झालेला आहे काय? दाखविलेल्या आंकड्याबाहेर हमीचें देणें किती आहे? आणि या ताणाताणींत कोणाचें बिल थकणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत शोधलीं म्हणजे सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर बहुधा एकच असतें. रोखेवाल्या सावकाराचें व्याज शेवटपर्यंत थांबत नाहीं. थांबतें तें कंत्राटदाराकडील मजुराचें, पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्याचें आणि अर्ध्यावर राहिलेल्या कालव्याखालच्या शेतकऱ्याचें. सरकारच्या कर्जाला वेस अवश्य असावी. पण तिच्या दारांत कोण उभा राहतो, हें पाहून ती बांधावी.